जुने घर पाडताना चिरे, विटा, खडी आणि सळई कशी वाचवावी

घर पाडायचे ठरले की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. सकाळी मशीन येते. दुपारपर्यंत कौले, वासे, चिरे, माती, वायर, पीओपी सगळे एकाच ढिगात कालवले जाते आणि संध्याकाळी ट्रॉलीवाला विचारतो, "कुठे टाकायचं?" बेळगाव शहरात याचे उत्तर फार वेळा एखाद्या नाल्याचा काठ असते. बळ्ळारी नाल्याच्या काठावर टाकलेला राडारोडा पावसात पात्रात सरकतो, पाण्याची वाट अडते आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात पाण्याखाली राहतो. नुकसान कुणा दुसऱ्याच्या शेतात होते, म्हणून ते पाडणाऱ्याला दिसत नाही.

खरे तर त्या ढिगात टाकून देण्यासारखे फार थोडे असते. चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) पुन्हा भिंतीत जातो, वीट पुन्हा कामाला येते, स्लॅबची खडी होते, सळई भट्टीत जाते. अट एकच: माल पाडतानाच वेगळा व्हायला हवा. एकदा कालवला की निवडायची मजुरी मालाच्या किमतीपेक्षा जास्त होते आणि पीओपी, माती, लाकूड मिसळलेली खडी कुणी फुकटही नेत नाही. म्हणून पाडण्याचा क्रम आधी ठरवावा, मशीन नंतर बोलवावे.

पाडण्याआधीचा अंदाज

किती माल निघेल याचा हिशेब आधी केला तर जागा, मजूर आणि ट्रॉल्या ठरवता येतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. सुटा मिश्र राडारोडा घनमीटरला साधारण सव्वा ते दीड टन भरतो. त्यामुळे एका ब्रासची ट्रॉली साडेतीन ते चार टनांची होते. चालकाने वर ढीग करून भरली तर टायर आणि चढ दोन्हीकडे त्रास.

खानापूर भागातले २५ बाय ४० फुटांचे जांभ्याचे कौलारू घर घ्या. बाहेरच्या भिंती १३० फूट, आतल्या ६५ फूट, उंची १० फूट, जाडी सव्वा फूट. दारे-खिडक्या वजा केल्या तर भिंतींचे आकारमान २० ब्रासच्या आसपास येते. मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण १५ बसतात. उतार आणि वळचण धरून अशा छपरावर १,९०० च्या आसपास कौले निघतील.

स्लॅबच्या घराचा हिशेब वेगळा. १,००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे ११.८ घनमीटर काँक्रीट, वजन सुमारे २८ टन. घनमीटरला ७५ किलोच्या आसपास लोखंड धरले तर ८०० ते ९०० किलो सळई निघते. भंगारवाला "उक्ते देऊन टाका" म्हणेल, तेव्हा हा आकडा हाताशी असू द्या.

नियमांचेही पाहा. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टन राडारोडा काढणाऱ्यावर काम सुरू करण्याआधी स्थानिक संस्थेकडे आराखडा देण्याची आणि माल चार गटांत वेगळा करण्याची जबाबदारी टाकली: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा-गिलावा. २० टन म्हणजे दिवसाला पाच-सहा ट्रॉल्या. जेसीबीने काम केले तर एवढे सहज होते. २०२५ च्या नव्या नियमांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून ठरली असून त्यांचा मुख्य भार २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांवर आहे. घर लहान असले तरी पाडायची परवानगी आणि राडारोडा कुठे न्यायचा याची लेखी नोंद महापालिकेकडून, नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून घ्यावीच. कार्यालयातले अर्ज कन्नडमध्ये असतात; इंजिनिअरकडून भरून घ्यावेत आणि सही करण्याआधी काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे.

हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) मीटर लेखी अर्ज देऊन काढून घ्या. नुसता मेन स्विच बंद करून चालत नाही, कारण खांबावरून येणारी वायर जिवंतच असते. नळजोडणी रस्त्याकडूनच बंद करा आणि गॅस सिलिंडर घराबाहेर काढा.

उतरवण्याचा क्रम

बांधताना जे शेवटी बसले ते पहिल्यांदा उतरवायचे. आधी बल्ब, पंखे, नळ, बेसिन, वायर, पाइप. मग दारे-खिडक्या, पीओपीचे छत आणि लाकडी कपाटे. त्यानंतर कौले, रीपा, वासे, तुळया. भिंती वरून खाली, थराथराने. स्लॅब असेल तर त्याखाली आधार लावून. पाया सर्वांत शेवटी.

पीओपीवर इतका जोर का? ते जिप्समचे असते आणि जिप्सममध्ये सल्फेट असते. खडीत किंवा चुऱ्यात ते राहिले की नव्या सिमेंटशी त्याची क्रिया होऊन काँक्रीट फुगते आणि काही महिन्यांनी तडकते. पीओपीचे तुकडे दगडासारखेच पांढुरके दिसतात, एकदा मिसळले की हाताने निवडता येत नाहीत. ते आधी काढून पोत्यांत भरा आणि पोत्यांवर खूण करा.

वरच्या मजल्यावर राडारोड्याचा ढीग करू नये. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चलभार (माणसे आणि सामान यांचे वजन) धरून बांधलेला असतो. फक्त एक फूट उंचीचा ढीग चौरस मीटरला ४०० किलोच्या जवळ जातो, म्हणजे दुप्पट. जुन्या स्लॅबमधली सळई गंजलेली असेल तर तो ढिगासकट खाली येतो. पाडकामातले मोठे अपघात असेच होतात. माल निघेल तसा पत्र्याच्या किंवा ड्रमच्या घसरंडीतून लगेच खाली सोडा आणि खाली दोरी बांधून येणे-जाणे बंद ठेवा.

शहापूर, वडगावातल्या जुन्या गल्ल्यांत शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच असते. सामाईक भिंतीला मशीन लावायचे नाही. तिच्यात शिरलेल्या तुळया उपटू नका, भिंतीपासून वीतभर अंतरावर कापा आणि मग राहिलेला तुकडा हाताने सोडवा. पाडण्याआधी शेजाऱ्याच्या घरातल्या तड्यांचे फोटो त्यांच्यासमोरच काढून ठेवा.

सिमेंटचे जुने पत्रे वेगळ्या सावधगिरीने काढायचे. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. पत्रा फुटला, कापला किंवा घासला की त्याचे तंतू हवेत येतात आणि फुप्फुसात बसले की निघत नाहीत. त्यांनी होणारा कर्करोग वर्षानुवर्षांनी उघड होतो. पत्रे आधी पाण्याने भिजवा, पाण्यात थोडा द्रवरूप साबण घाला म्हणजे ओल आत जाते. जे-हूकचे नट सोडवा, गंजले असतील तर हूक कापा, पत्रा फोडू नका. अखंड पत्रा दोघांनी धरून खाली द्यावा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा, वर लिहावे. त्याचा चुरा जोत्यात भरणे किंवा क्रशरला देणे साफ बंद. पुढे तो कुठे द्यायचा हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून ठरवा. पत्रे काढताना नाकापुढे साधा रुमाल पुरत नाही. काँक्रीट आणि दगड फोडतानाही सिलिकाची धूळ असते, म्हणून तिथेही एन ९५ मास्क आणि पाण्याचा फवारा दोन्ही हवेत. मजुराला मास्क देणे हे मालकाचे काम आहे, ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नका.

चिरा आणि काळा दगड

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडे जांभ्याचे चिरे आहेत. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे काळा दगड. दोन्हींचा स्वभाव वेगळा.

खाणीतून ताजा निघालेला जांभा मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो. जुन्या भिंतीतला चिरा म्हणजे आधीच मुरलेला माल. मातीच्या सांध्यातला असेल तर पहारीने हलकेच उचकटून अखंड येतो. चुन्याच्या सांध्यात थोडा वेळ लागतो, पण छिन्नीच्या दोन ठोक्यांत चुना सुटतो. सिमेंटच्या सांध्यात मात्र चिराच आधी फुटतो, कारण सिमेंट जांभ्यापेक्षा कठीण. अशा भिंतीतून अखंड चिरे काढायचा अट्टाहास करू नका, तुकडे भरावाला ठेवा.

काढलेले चिरे उंचीनुसार तीन-चार राशींत लावा. लांबी-रुंदी मागेपुढे झाली तरी मेस्त्री जुळवून घेतो, पण एका थरात उंची सारखी नसेल तर सांध्यात मसाला जाड होतो, सिमेंट जास्त जाते आणि भिंत दबते. जमिनीलगतचे दोन थर वेगळे ठेवा. त्यांनी वर्षानुवर्षे ओल ओढलेली असते, पृष्ठभागावर पांढरा लोणा (क्षार) आलेला असतो. ते पुन्हा घराच्या भिंतीत घातले तर नव्या गिलाव्यावर फुगे येतात. कुंपणाला, परड्यातल्या बांधाला ते चालतात.

वापरण्याआधी चिरा घासून पाण्यात भिजवा. कोरडा चिरा मसाल्यातले पाणी शोषतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. मसाला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुरे; त्याहून जास्त सिमेंट घातले तर पुढच्या वेळी हा चिरा कुणालाच वाचवता येणार नाही.

काळ्या दगडाला पुनर्वापराची मर्यादाच नाही. डबर पायाला, सोलिंगला, विहिरीच्या बांधाला जातो. घडीव खांडकी मात्र पायात घालू नयेत. तसे घडवणारे हात आता फार कमी आहेत. ती पायऱ्यांना किंवा दर्शनी भिंतीला ठेवा.

विटा

जुनी वीट चांगली की नाही हे चार साध्या गोष्टींनी कळते. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज म्हणजे कच्ची भाजणी किंवा आत तडा. तीन फुटांवरून कडक जमिनीवर सोडली तर फुटू नये. खिळ्याने ओरखडा खोल जाऊ नये. आणि उन्हात पूर्ण वाळवलेली वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवावी. वजनात पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढ होऊ नये. म्हणजे ३ किलोची वीट ३.६ किलोच्या आत राहिली पाहिजे. प्रत्येक राशीतून पाच-सहा विटा घेऊन हे करा.

साफ करताना छिन्नी विटेच्या सपाट बाजूला समांतर धरा, आडवी नको. मसाला कोरडा असताना सुटतो. ओला केला की चिकटतो. अर्धीच वीट हाती आली तरी टाकू नका, कारण तुकड्यांना गच्चीवर उत्तम उपयोग आहे.

ब्रिकबॅट कोब्यासाठी तुकडे रात्रभर भिजवा, गच्चीवर मसाल्याच्या थरात उभ्या कडेवर बसवा, मधल्या फटी १:४ मसाल्याने भरा आणि पाइपाच्या दिशेला १०० ला १ असा उतार द्या. वर पुन्हा १:४ चा वॉटरप्रूफिंग मिसळलेला थर. नंतर बांध घालून आठवडाभर पाणी साठवून ठेवा. त्यातच क्युअरिंग होते आणि गळतीही कळते. इथे दोन चुका होतात. लोणा लागलेले किंवा मातीने माखलेले तुकडे वापरले तर कोबा पोकळ वाजतो. आणि वजनाचा विचार होत नाही: सरासरी साडेचार इंची कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या वर भरतो. जुन्या कोब्यावर नवा कोबा तर कधीच घालू नये.

विटांचा बारीक चुरा म्हणजे सुरखी. चुन्यात बांधलेल्या जुन्या घराची किंवा देवळाची डागडुजी करायची असेल तर एक भाग चुना आणि दोन भाग सुरखी हा मसाला सिमेंटपेक्षा योग्य, कारण तो जुन्या भिंतीइतकाच मऊ राहतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. सुरखीसाठी किंचित कमी भाजलेली वीट घ्यावी; जळून काळी पडलेली वीट चुन्याशी नीट क्रिया करत नाही.

कौले आणि लाकूड

कौले उतरवताना फेकाफेकी नको. हातोहात खाली देऊन उभी रचा. आडवी रचली की खालची फुटतात. टिचकी मारून आवाज बघा, मागच्या बाजूचा टेकू तुटलेला असेल तर बाजूला काढा. शेवाळ ब्रशने घासून काढता येते. जुन्या साच्याची कौले नव्या कौलांशी खोबणीत जुळत नाहीत, म्हणून छापानुसार वेगळी ठेवा; एका उतारावर एकच छाप.

वासे-तुळयांचे भिंतीत गेलेले टोक आधी तपासा. तिथे ओल राहते आणि तिथूनच लाकूड कुजते. टोच्या सहज आत गेला तर तेवढा भाग कापून टाका, बाकीचे लाकूड बहुधा ठणठणीत असते. छोट्या भोकांतून ताजी पिवळसर पूड गळत असेल तर किडा अजून जिवंत आहे; असे लाकूड बोरिक-बोरॅक्सचे द्रावण लावल्याशिवाय दुसऱ्या लाकडाजवळ ठेवू नका. सुताराकडे देण्याआधी सगळे खिळे काढा. रंध्याचे पाते एका खिळ्याने जाते. जुना तैलरंग कोरडा घासू नका, त्यात शिसे असू शकते.

सागवान, शिसम किंवा फणसाचे मोठे लाकूड गाडीत भरून नेताना पाडण्याची परवानगी, घराचे फोटो आणि विक्रीची पावती गाडीत ठेवा. वाहतूक पास लागतो का हे वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा, विशेषतः चंदगड, कागल किंवा गोव्याकडे न्यायचे असेल तर.

काँक्रीटपासून खडी

इथे सर्वांत जास्त माल असतो आणि सर्वांत जास्त चुकाही होतात.

स्लॅब ब्रेकरने फोडून सळई मोकळी करा. सळई ओढून काढताना काँक्रीट चिकटून येते. ते घणाने झाडून टाका, कारण भंगारात ते वजन कापले जाते. सळई पुन्हा सरळ करून नव्या कॉलममध्ये किंवा स्लॅबमध्ये घालू नये. वाकवून सरळ केलेली, गंजून बारीक झालेली सळई किती भार घेईल याची कुणी खात्री देऊ शकत नाही. जुनी पिळाची टॉर सळई तर सरळ करतानाच तडकते. कुंपण, मांडव, झाडांचे पिंजरे यांना ती चालते. बाकी भंगारात. विकण्याआधी वजनाचा अंदाज काढायचा सोपा नियम: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. ८ मिमी ०.३९५, १० मिमी ०.६१७, १२ मिमी ०.८८९, १६ मिमी १.५८. वायर जाळून तांबे काढू नका. विषारी धूर होतो आणि काळे पडलेले तांबे कमी भावात जाते. सोलून द्या.

काँक्रीटचे तुकडे क्रशरच्या तोंडापेक्षा लहान हवेत. १६ बाय १० इंची जॉ क्रशरला ८ इंचांपर्यंतचा तुकडा द्यावा. त्याहून मोठा अडकतो आणि पट्टा जळतो. क्रशरमध्ये सळईचा तुकडा जाऊ नये म्हणून पट्ट्यावर चुंबक लावा. निघालेला माल ४०, २०, १० आणि ४.७५ मिमीच्या चाळण्यांवर घ्या. एखादे घमेले खडी पाण्याच्या ड्रममध्ये टाकून पाहा: लाकूड, थर्माकोल, प्लास्टिक वर तरंगते. किती तरंगले यावरून पाडताना निवड नीट झाली का ते समजते.

या खडीचा मोठा फरक म्हणजे पाणी. दगडाभोवती जुना मसाला चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. आपल्याकडची काळ्या दगडाची खडी साधारण १ ते २ टक्के पाणी घेते, ही ३ ते ८ टक्के. घरच्या घरी मोजता येते. ५ किलो खडी उन्हात किंवा तव्यावर पूर्ण वाळवा, २४ तास पाण्यात ठेवा, बाहेर काढून कापडाने पुसा, पुन्हा वजन करा. वाढलेले वजन भागिले कोरडे वजन गुणिले १००. ५ टक्क्यांच्या आत असेल तर चांगली. १० टक्क्यांपर्यंत असेल तर आधी भिजवूनच वापरायची. त्याच्या वर गेली तर काँक्रीटला नको, भरावाला ठेवा.

न भिजवता वापरली तर काय होते ते आकड्यांत पाहा. १:४:८ चे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, सिमेंटच्या एका पोत्याचा घाणा. ३५ लिटरच्या फर्म्याने ४ फर्मे वाळू आणि ८ फर्मे खडी. ८ फर्मे म्हणजे २८० लिटर, वजन साधारण ३५० किलो. शोषण ६ टक्के धरले तर ही कोरडी खडी २१ लिटर पाणी ओढू शकते आणि त्यातले बरेचसे पहिल्या अर्ध्या तासातच. घाण्याला एकूण पाणी ४५ लिटरच्या आसपास. मग काँक्रीट ओतायच्या आतच सुकते, मजूर वरून पाइप धरतो, पाणी जास्त होते आणि काँक्रीट कच्चे राहते. दोष खडीला दिला जातो, खरी चूक भिजवणीची असते. आदल्या दिवशी खडी भिजवा, सकाळी निथळू द्या. वरून ओलसर दिसावी, पण तळाशी पाणी साचलेले नसावे.

कुठे वापरायची? आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने मर्यादा घातल्या आहेत. फक्त काँक्रीटपासून केलेली खडी सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम २५ पर्यंतच (एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत). सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्के. एम १५ च्या खालच्या पीसीसीत (सळई नसलेल्या हलक्या काँक्रीटमध्ये) पूर्ण १०० टक्के. विटा-काँक्रीट मिसळलेली खडी फक्त अशा हलक्या पीसीसीतच. घरगुती कामात स्लॅब, बीम, कॉलमला ही खडी वापरायचीच असेल तर इंजिनिअरकडून मिक्स डिझाइन करून घ्या, १५० मिमीचे क्यूब भरा, ७ आणि २८ दिवसांना तपासा. तेवढे करायचे नसेल तर पायाखालचा पीसीसी, फरशीखालचा थर, फुटपाथ, गटाराचा तळ एवढ्यावर थांबा. तिथेही हा माल भरपूर खपतो.

४.७५ मिमीच्या खालचा चुरा गिलाव्याला नको. त्यात जुन्या मसाल्याची पूड आणि क्षार असतात. गिलावा केसासारखा तडकतो. पेव्हरखालच्या बिछान्याला आणि भरावाला तो चांगला.

जोत्याची भर आणि पाणंद

जोत्यात तीन इंचांपर्यंतचे तुकडे टाका. तीन भाग तुकडे आणि एक भाग मुरूम असे प्रमाण धरले की फटी भरतात. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. दोन फूट एकदम भरून वरून पाणी सोडले तर वरचा थरच बसतो, खाली पोकळी राहते आणि वर्षभराने फरशी खचते. भरीत लाकडाची ढलपी, कागद, गवत राहू नये. वाळवी तिथूनच चढते. मातीच्या भिंतीची जुनी माती बहुधा भुशाची असते, ती जोत्यात नको. भिजवून, तुडवून पुन्हा मातीकामाला किंवा काच-चुना निवडून शेतात टाका. चिकोडी, निपाणीकडे काळी माती खणून निघते, ती भरीत मुळीच मिसळू नये. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी उचलते.

पाणंदीच्या रस्त्यालाही काळ्या मातीचाच प्रश्न येतो. राडारोडा थेट काळ्या मातीवर टाकला तर पहिल्या पावसात ऊस भरलेल्या ट्रॉलीखाली तुकडे खाली जातात आणि चिखल वर येतो. आधी वरची माती खरवडून काढा, दोन्ही बाजूंना चर काढा, मग सहा इंच मुरूम किंवा जिओटेक्स्टाइल. त्यावर ४० ते ६५ मिमी काँक्रीटचे तुकडे सहा इंच, रोलर, वर मुरमाची पूड. मध्यापासून कडेला २५ ला १ असा उतार हवा. ३ मीटर रुंद, १०० मीटर लांब रस्त्याला दाबून सहा इंच थर म्हणजे ४५ घनमीटर. सुटा माल साधारण २० ते २१ ब्रास लागतो. जांभ्याचे तुकडे वरच्या थरात घालू नका, चाकाखाली पीठ होते.

काच, खिळे आणि तारा या रस्त्यात जाऊ नयेत. माल ट्रॉलीत भरण्याआधी जमिनीवर पसरून चुंबकाने फिरून घ्या. बैलाच्या खुरात किंवा पोराच्या पायात गेलेला खिळा कुणी भरून देत नाही.

साठवण आणि वाहतूक

कामाची वेळ दिवाळीनंतर ते मे. खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस इतका असतो की भिजलेल्या मातीच्या भिंती आपोआप ढासळतात, निवडीला वेळ मिळत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात जिल्ह्यात असंख्य घरे अशीच एकाच ढिगात बसली. पावसाळ्याआधी काम संपत नसेल तर निदान पीओपी, लाकूड आणि वायर आधी बाहेर काढून झाकून ठेवा.

राशी नाल्यापासून, गटाराच्या तोंडापासून आणि रस्त्यापासून दूर लावा. बारीक चुऱ्याला ताडपत्री. ट्रॉलीवरही ताडपत्री बांधा. चालकाकडे कुठून, कुठे, किती ब्रास आणि कोणता माल याची चिठ्ठी द्या. राज्याची सीमा ओलांडताना मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर जात असेल तर घेणाऱ्याकडून ई-वे बिल करून घ्या. भंगाराची गाडी निपाणीच्या पुढे अडली की दिवस जातो. ट्रॉली रिकामी झाल्याचा फोटो त्याच ठिकाणाहून मागवा आणि भाडे तो फोटो आल्यावरच द्या.